पोटात शाई भरलेला म

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम अकरा हजार दोनशे रुपये, म्हणजे चारशे कार्डं, दर अठ्ठावीस. हजर माणसं चार: आई, मी, माझी बायको आणि पुण्याहून आलेला धाकटा भाऊ. जागा आमच्या केडगावच्या घराचा हॉल. हे मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं. मी एका बियाण्याच्या कंपनीत हिशेबाला आहे, लिहून ठेवायची सवयच आहे. पण त्या दिवशी सवयीने लिहिलं नाही. भावाने गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पहिलं कार्ड वर काढलं तेव्हाच मला कळलं, की यावरून पुढे कोण काय बोललं होतं हे विचारायची वेळ येणार आहे.

कार्डं आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची होती. ऐंशी वर्षं आठ महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात आणि घरचे लोक त्याचा कार्यक्रम करतात. आमचा बेत साधा होता. सकाळी होम, दुपारी जेवण, संध्याकाळी घरी परत. कार्डाचं काम भावाने अंगावर घेतलं होतं. सावेडीला त्याच्या कॉलेजातल्या मित्राचा डिझाइनचा स्टुडिओ आहे, तो करणार होता.

कार्ड जाड खाकी कागदाचं होतं. वर गणपती, त्याखाली मजकूर, आणि तो सगळा मजकूर जुन्या टाइपरायटरवर बडवल्यासारखा. एक अक्षर ओळीच्या वर, एक खाली. एक फिकं, शेजारचं काळंकुट्ट. अक्षरांभोवती शाईचे शिंतोडे. मधल्या एका ओळीत ‘वय वर्षे ८०’ असं होतं, त्या ऐंशीवर फुल्या मारलेल्या, आणि पुढे ८१.

बायकोने कार्डावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. “ओलंय का अजून?” तिने विचारलं. भाऊ हसला. म्हणाला, “वहिनी, तीच तर मजा आहे. तसं दिसायलाच पाहिजे.”

मग त्याने समजावून सांगितलं. आईचं सगळं आयुष्य टाइपरायटरवर गेलं, म्हणून कार्डाचा विषयच टाइपरायटर. अक्षरं तशी, कागद तसा, खाडाखोडसुद्धा तशी. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि त्याने हे आईवरच्या मायेने केलं होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

आईने चष्मा लावला. मग पेपर वाचायचं भिंग मागितलं. कार्ड वाचायला अर्धं मिनिट पुरे होतं, ती ते बराच वेळ पाहत होती, ओळीवरून नाही, एकेका अक्षरावरून भिंग नेत.

“हे कुनी टाईप केलं?” तिने विचारलं. आईचं माहेर काष्टीचं. एरवी ती ऑफिसातल्यासारखं नीट बोलते, पण मनाला लागलं की जिभेवर काष्टी येते.

भाऊ म्हणाला, “टाईप नाही आई, कॉम्प्युटरचा फॉन्ट आहे. मुद्दाम तसा केलेला.”

“मुद्दाम?”

“हो.”

तिने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि स्वयंपाकघरात हरभऱ्याचे घाटे सोलायला जाऊन बसली. भावाला वाटलं ती गहिवरली. जेवण करून तो पुण्याला गेला. जाताना सांगून गेला, की श्रीरामपूरच्या यादीतली त्रेचाळीस कार्डं त्याने शनिवारी स्टुडिओतूनच कुरियर करून टाकली आहेत.

आई श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं टायपिस्ट होती. तिथे लागली तेव्हा त्या हॉलमध्ये ती एकटी बाई. बाकीचे सगळे पुरुष, आणि तिच्या जागेवर आपल्या मेव्हण्याला लावायचं ज्याच्या मनात होतं तो तिचाच हेडक्लार्क. तिचा टाईप केलेला कागद साहेबाकडे जायच्या आधी त्याच्या टेबलावरून जायचा. तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, खोडरबराने कागद पातळ झालाय का पाहायचा. मग अक्षरं पाहायचा. बाईचा पहिला घाण कागद कधी निघतो यावर त्या हॉलमध्ये चहाची पैज लागलेली होती. हे तिला शिपायाने सांगितलं होतं.

टाइपरायटरवर अक्षर घाण कसं होतं ते सांगतो, कारण आता ते कोणाला ठाऊक नसतं. खिळ्यावरचं अक्षर शाईच्या फितीवर आपटतं आणि फितीतला धागा, धूळ, शाईचा चिखल त्या अक्षराच्या पोकळीत साचत जातो. म, भ, ब, व, ध अशा पोट असलेल्या अक्षरांचं पोट भरतं. मग कागदावर म उमटतो तो गाठोड्यासारखा. यात मशीनचा दोष नाही. टायपिस्टने साफ केलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आई रोज सकाळी ब्रश मारायची आणि शनिवारी रॉकेलच्या बोळ्याने आणि टाचणीने एकेक पोट कोरून काढायची. आम्ही लहान असताना शनिवारी तिच्या हातांना रॉकेलचा वास यायचा आणि त्या हाताची भाकरी मी खायचो नाही, हे मला अजून आठवतं.

चौतीस वर्षांत डाग आहे म्हणून तिचा एकही कागद परत आला नाही. हा आकडा तिचा आहे, मी तपासलेला नाही. पण ती आकड्यांत खोटं बोललेली मला माहीत नाही. उसाच्या पेमेंटचा पंधरवड्याचा तक्ता ती टाईप करायची. गाव, शेतकरी, टन, दर, कपात, निव्वळ, सगळं एकाखाली एक. त्यात एक आकडा जरी फुली मारून बदलला तरी सगळं पान पुन्हा, पाच कार्बनसकट. रिटायर झाल्यावर नऊ वर्षं तिने श्रीरामपुरातच एका टायपिंग क्लासमध्ये मुली शिकवल्या. त्यांतल्या कोणी कोर्टात लागल्या, कोणी ट्रेझरीत, कोणी शाळेत. ती त्रेचाळीस कार्डं बहुतेक त्यांनाच गेली होती.

आता मी माझ्याबद्दल लिहितो, आणि ते लिहायला मला आवडत नाही. या कार्डाचं प्रूफ मी पाहिलं होतं. त्याच्या दहा दिवस आधी मी सावेडीला स्टुडिओत गेलो, साध्या कागदावर काढलेलं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं गेलं, आणि मी मला जे येतं ते केलं. तिथी कॅलेंडरशी ताडली. वार आणि तारीख जुळतात का पाहिलं. वेळा पाहिल्या, माझ्या मोबाईलचे दहा आकडे दोनदा मोजले. अक्षरं घाण होती हे मला दिसलं. मला वाटलं प्रूफ आहे, झेरॉक्स खराब निघाली असेल. प्रूफ काय, घाणच असतं. आणि ऐंशीवरच्या फुल्या पाहून तर मी खूश झालो. मला वाटलं या माणसाने चूक स्वतःच पकडली, ऐंशी खोडून एक्याऐंशी केलं, छापताना दुरुस्त होईल. त्याचं कौतुक करून मी खाली सही केली. तारीख टाकली. वेळसुद्धा टाकली.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हे काय घाण केलंय. मला आकडे बरोबर असले की कागद बरोबर वाटतो. ही सवय मला आईकडून आली असं मी मानत होतो. पण ती आकडे आणि कागद दोन्ही पाहायची. मी निम्मंच उचललं.

त्या रविवारनंतर मला ती अक्षरं जिकडेतिकडे दिसायला लागली. आधीही असणार, मी पाहिली नव्हती. पुणे रस्त्यावर आमच्या चौकातच एक कॉफीचं दुकान आहे, त्याचं मेनूकार्ड त्याच अक्षरांत. पलीकडे मिसळवाल्याच्या भिंतीवर चार फूट उंचीची तीच अक्षरं, आणि शाईचे शिंतोडे पेंटरकडून ब्रशने काढून घेतलेले. आमच्याच गल्लीतल्या एका साखरपुड्याचा व्हिडिओ मोबाईलवर आला, त्यात ती अक्षरं टकटक आवाज करत एकेक उमटत होती. मिसळीच्या वाटीवर ‘दर्जेदार’ हा शब्द मळक्या अक्षरांत वाचून मी अर्धी मिसळ टाकून उठलो. बिल मात्र दिलं. वाटीत डाग असता तर याच मालकाने पोऱ्याला झापलं असतं. भिंतीवरच्या डागाचे त्याने पेंटरला पैसे मोजले होते.

मला खरी शिसारी कशाची आली तेही सांगतो. टाइपरायटरचा एक गुण आहे. प्रत्येक ठोक्याला कागदाची गाडी सारखीच सरकते, अक्षर बारीक असो की रुंद, त्याला एकच घर मिळतं. म्हणून आकड्याखाली आकडा येतो. आईच्या तक्त्यांत एककाखाली एकक, दशकाखाली दशक असायचं. पट्टी लावली तर इकडची रेघ तिकडे जाणार नाही. आणि या कार्डावर कार्यक्रमाच्या चार वेळा होत्या, त्या मात्र चारही वाकड्या. ८.३० खाली ११ कुठेतरी मध्येच, १२.४५ आणखी तिसरीकडे. मशीनचा होता तो एक गुण त्यांनी टाकून दिला होता आणि घाण तेवढी जपून ठेवली होती. एखाद्याने आपल्या आजोबांचा फोटो लावावा आणि त्यातला चेहरा कापून नुसती तंबाखूची पिचकारी ठेवावी, तसं.

मंगळवारी दुपारी फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन स्पीकरवरच असतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं कळलं. मी त्या दिवशी घरीच होतो. फोन तिच्या एका विद्यार्थिनीचा होता, श्रीरामपुरात कोर्टात स्टेनो आहे, पन्नाशीच्या आसपासची. कार्ड मिळालं, नवऱ्यासकट येणार, साडी कुठल्या रंगाची नेसणार, हे सगळं झालं. मग ती म्हणाली, “बाई, एक विचारू का? रागावू नका.”

“विचार.”

“मशीन कोणाच्या ताब्यात दिलंत हो? म चं पोट गच्च भरलंय. आमचं एवढं भरलं असतं तर टाचणी हातात देऊन उभं केलं असतंत.” आणि ती खळखळून हसली.

आईही हसली. म्हणाली, “आता हात चालत न्हाई गं. पोरांनी केलंय.”

“तरीच. आणि खाडाखोड पण! आम्ही इथे सगळ्या म्हणतोय, बाईंना म्हातारपण आलं.”

आणखी थोडं बोलून फोन ठेवला.

मी म्हणालो, “ती थट्टा करत होती.”

“व्हय. थट्टाच,” आई म्हणाली. “तिला वाटलं हे खरंच टाईप केलंय.”

“तिला कळलं असेल गं.”

“न्हाई कळलं. तिला जे शिकवलंय ते मी शिकवलंय. भरलेलं पोट दिसलं की टायपिस्ट आळशी, हे मीच शिकवलं.” मग ती म्हणाली, “चौतीस वर्सं लोक बसले हुते वाट बघत, कवा बाई घाण कागद देती म्हणून. आता चारशे दिले. माझं नाव घालून.”

ती रडली वगैरे नाही. पण संध्याकाळी माझ्या बायकोला तिने सांगितलं, की कार्यक्रम करायचा तर घरातल्या घरात करा, कार्ड कुणाला देऊ नका, आणि ज्या त्रेचाळीस जणींना गेलं त्यांना तब्येत बरी नाही म्हणून कळवा. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती नजर बरोबर होती.

कोणालाच काही न कळवता मी आधी भावाला फोन केला. त्याला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा राग आला. म्हणाला, माझ्या ऑफिसातल्या नऊ जणांनी कार्डाचा फोटो स्टेटसला लावलाय, तुम्हा दोघांनाच प्रॉब्लेम आहे. मी विचारलं, त्या नऊ जणांपैकी टाइपरायटर किती जणांनी चालवलाय. तो म्हणाला, हा काय प्रश्न आहे का. मी म्हणालो, कार्ड त्या नऊ जणांना द्यायचं नाही, चालवलेल्या त्रेचाळीस जणींना दिलंय.

“दादा, एक सांगू?” तो म्हणाला. “सही तुझी आहे.”

सही माझीच होती.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. स्टुडिओत एकटाच जाणार होतो, पण मी चपला घालेपर्यंत आई साडी बदलून दारात उभी होती. रिक्षात ती एकदाच बोलली. भाडं किती ठरवलं ते विचारलं.

डिझायनर माणूस चांगला होता. पस्तिशीचा, दाढी राखलेला. आईला आजी म्हणून पाया पडला, चहा मागवला. त्याच्यावर चिडायची त्याने मला संधीच दिली नाही, आणि त्याने मला जास्तच त्रास झाला. मी सांगितलं, अक्षरं स्वच्छ पाहिजेत, पुन्हा छापायचं आहे. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. म्हणाला, सर, याच फॉन्टचे चार प्रकार येतात. स्वच्छ, थोडा वापरलेला, जुना आणि खूप जुना. तुमच्या कार्डाला मी खूप जुना वापरलाय. तो सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात जास्त जातो.

“घाण महाग?” मी विचारलं.

“घाण नाही सर. डागांनी कॅरेक्टर येतं.”

मी त्याला म दाखवला. म्हटलं, तुमच्या प्रत्येक म ला डाग एकाच ठिकाणी आहे, एकाच आकाराचा. या कार्डावर सदतीस म आहेत, मी मोजलेत. सदतीसच्या सदतीस सारखे भरलेत. फितीची शाई कमीजास्त होते, बोटाचा जोर कमीजास्त होतो, खऱ्या मशीनवर असं होत नाही. मला वाटलं तो ओशाळेल. तो खूश झाला. म्हणाला, बरोबर पकडलंत. म्हणून आता नवीन आलेत त्यात एकेका अक्षराचे तीन तीन नमुने असतात, ते आलटूनपालटून येतात. डाग रिपीट होत नाही.

मी चहाचा कप खाली ठेवला. कुठेतरी कोणीतरी खुर्चीवर बसून, पगार घेऊन, एका म साठी तीन निरनिराळे डाग काढत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझी आई दर शनिवारी टाचणीने जे कोरून काढायची ते हा माणूस भरत बसला होता. तो चहा मी पुन्हा उचलला नाही. हे मी वाढवून लिहीत नाही. चहा दुधाचा होता, त्याचाही दोष असेल.

आई म्हणाली, “सोच्छ दाखव.”

त्याने स्वच्छ प्रकार लावून मजकूर दाखवला. आईने भिंग काढलं. तिने म पाहिला, भ पाहिला, मग आकडे एकेक करून पाहिले. “हे बरं हाय,” ती म्हणाली. “हे चांगल्या मशीनचं हाय.”

मला वाटत होतं ती असली अक्षरंच नको म्हणेल. तिचं त्या अक्षरांशी काहीच भांडण नव्हतं.

डिझायनर म्हणाला, “आजी, पण असं केलं तर ते सरकारी नोटिशीसारखं दिसेल.”

“सरकारी नोटीस लोक नीट वाचत्यात,” आई म्हणाली.

मग तिने त्याला विचारलं, ओळीत घरं किती. त्याला प्रश्न कळला नाही. तिने सगळ्यात लांब ओळ दाखवायला सांगितली आणि बोटाच्या पेरांवर मोजली. छत्तीस. वरचा मथळा मोजला, चौदा. छत्तीसातून चौदा गेले बावीस, त्याचे निम्मे अकरा. “डावीकडं अकरा घरं सोड,” ती म्हणाली. तो हसून म्हणाला, मधोमध आणायला बटण असतं, आजी. आई म्हणाली, तू बटन दाब, मी मोजते, बघू जुळतंय का. त्याने बटण दाबलं. तिने भिंगातून मोजलं आणि सांगितलं की मथळा अर्धं घर डावीकडे गेलाय. तो म्हणाला शक्य नाही. मग त्याने स्वतः पाहिलं. मथळ्याच्या शेवटी एक रिकामं घर त्याच्याकडून जास्त पडलं होतं, ते बटणाने मोजणीत धरलं होतं. त्याने ते काढलं आणि पुढे तासभर तिने सांगितलं तसं मुकाट्याने केलं. कार्यक्रमाच्या चारही वेळा एकाखाली एक आल्या. ऐंशीवरच्या फुल्या गेल्या. कार्डावर ‘वय वर्षे ८१’ एवढंच राहिलं. मुहूर्ताच्या कागदावर काट मारत नाहीत, हे तिने त्याला तेव्हा सांगितलं. त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर ते सांगायचं काम प्रूफावर सही करणाऱ्याचं होतं.

निघताना त्याने पुन्हा माझं डोकं फिरवलं. म्हणाला, आजींच्या हातांचा एक व्हिडिओ करू या का? जुन्या मशीनवर टाईप करताना, फक्त बोटं आणि आवाज. लोकांना फार आवडतं असलं. मशीन असेल ना घरी?

“मशीन माझं कवाच नव्हतं,” आई म्हणाली. “कारखान्याचं हुतं. रिटायर झाले त्या दिवशी साफ करून, झाकण घालून दिलं.”

तो म्हणाला, मशीन आपण भाड्याने आणू.

“न्हाई,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून जिना उतरायला लागली.

नवी कार्डं शनिवारी आली. पांढरा कागद, काळी अक्षरं, दिसायला कारखान्याच्या सर्क्युलरची भावंडं. माझ्या बायकोलाही ती फारशी आवडली नाहीत, ती फक्त बोलली नाही. आईने गठ्ठ्यातली वरची, मधली आणि खालची अशी तीन काढून भिंगाने पाहिली. मग श्रीरामपूरची त्रेचाळीस पाकिटं आधी करायला लावली आणि प्रत्येकात स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी टाकली: पहिले कार्ड रद्द समजावे. पुढच्या आठवड्यात कोर्टातल्या त्या विद्यार्थिनीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिने थट्टा केली नाही. आकडे कसे जुळवलेत, एवढंच विचारत होती. आई अर्धा तास सांगत होती.

जुनी तीनशे सत्तावन्न कार्डं माझ्या कपाटात आहेत. वर गणपती आहे म्हणून रद्दीत घालता येत नाहीत आणि आईचं नाव आहे म्हणून कुणाला देता येत नाहीत. डिझायनरने नमुना म्हणून दुकानात ठेवायला मागितली होती, मी नाही म्हणालो. कपाट उघडलं की खाकी कागदाचा वास येतो आणि मी ते लगेच बंद करतो.

पैशांचं असं झालं. भाऊ पहिल्या बिलाचे निम्मे देतो म्हणाला आणि त्याने मला पाच हजार सहाशे पाठवलेही. मी ते त्याच दिवशी परत केले. सही एकाची होती. दुसऱ्या छपाईचा दर चौदा पडला, चारशे कार्डांचे पाच हजार सहाशे. ते मी देणार होतो, पण आईने ऐकलं नाही. म्हणाली, तुमच्या चुकीचे तुमी द्या, माझ्या कागदाचे मी देते. तिची पेन्शन महिन्याला अठराशे आहे. तीन महिन्यांची पेन्शन आणि वर दोनशे. तर शेवटी दिले ते असे: अकरा हजार दोनशे मी डिझायनरला, मोबाईलवरून. पाच हजार सहाशे आईने त्यालाच, रोख, पाचशेच्या अकरा नोटा आणि शंभराची एक, त्याच्याकडून दोनदा मोजून घेऊन, पावतीसह.